पहिल्या रांगेतले गृहस्थ

आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन चारकोपच्या एका हॉलमध्ये होता आणि आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं होतं. पहिल्या रांगेत बसले होते खरी, पण हातातल्या कागदाची सारखी घडी घालत नि उलगडत होते. शेजारी एक साठीचे गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दारात वाटलेला गुलाब खिशाला. प्रत्येक वक्त्याला ते अशी मान डोलवत, जणू भाषण त्यांनीच लिहून दिलंय. भाषण लांबलं, की मध्येच जोरात टाळ्या वाजवून ते आटपायलाही लावत.

माझा चाळा बघून ते कुजबुजले, "ताई, मला इथे कोणी बोलावलेलंसुद्धा नाही. वड्यांचा वास आला म्हणून आत शिरलो. तरी बघा, कसा ऐसपैस बसलोय! तुम्हाला तर बोलावलंय ना?"

मला हसू फुटलं, तोच माझं नाव पुकारलं. माइकसमोर उभी राहिले. एक शब्द फुटेना. तेवढ्यात खाली आमच्या सेक्रेटरीबाईंनी त्या गृहस्थांना गाठलं.

"तुम्ही कोणाकडून आलात हो?"

त्यांनी शांतपणे चष्मा पुसायला घेतला.

"अहो, बसू द्या त्यांना," मी माइकवरूनच म्हणाले, "माझे काका आहेत ते!"

आवाज इतका खणखणीत निघाला, की माझी मीच चाट पडले. मग पुढचे आभार कसे सरसर उरकले, कळलंच नाही.

खाली आले तर काका वड्यांच्या टेबलापाशी पोचलेसुद्धा होते.

"बोललीस झकास," दुसरी डिश उचलत ते म्हणाले. "सगळ्यांचे आभार मानलेस, सख्ख्या काकाला तेवढं विसरलीस."