गणितही हवं, झाडंही हवीत

अमरावतीच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी विभागप्रमुख रजेवर होते. प्रयोगशाळेची कुलपं उघडून मला सगळं दाखवलं ते इंदूबाई खंडारेंनी. त्या तिथे परिचर होत्या. ठेंगणी मूर्ती, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात खाकी ॲप्रन आणि डाव्या मनगटावर ॲसिडचा एक जुना पांढरा डाग.

"मॅडम, हे नायट्रिक. याचं बूच काढताना तोंड बाजूले करायचं. मोठ्या मोठ्या सरांनी खोकला काढला हाय अथी," त्या म्हणाल्या.

त्यांचा नवरा याच प्रयोगशाळेत परिचर होता. तो गेला आणि त्याच्या जागी सत्त्याण्णव साली इंदूबाई लागल्या. तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. पहिल्या वर्षी त्या फक्त परीक्षानळ्या धूत होत्या. पुढे द्रावणं करायला शिकल्या, आणि नंतर तर एखाद्या पोराचं टायट्रेशन चुकलं की लांबूनच सांगायच्या, "थेंब मोठा सोडला तुनं. पुन्हा घे." मुलं त्यांना मावशी म्हणत. मी अकोल्याची आहे असं कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं होतं. "अकोल्याले मी बी होती एक साल," एवढंच म्हणाल्या आणि ब्युरेट धुवायला लागल्या. मीही पुढे विचारलं नाही.

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. नव्या पद्धतीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मुख्य आणि एक दुसरा, म्हणजे दुय्यम, विषय म्हणून निवडायचा, असं होतं. म्हणजे वर्षभर विचार करायला सवड होती. पण जो विषय पहिल्या वर्षी घेतलाच नाही, तो पुढे मुख्य होऊ शकत नव्हता. आमच्या कॉलेजानं चार ठरलेले गट छापले होते. गणित हवं तर भौतिक आणि रसायन त्याच्यासोबत, वनस्पतीशास्त्र हवं तर रसायन आणि प्राणीशास्त्र. गणित आणि वनस्पती एकत्र असा गट नव्हता. कारण अगदी साधं होतं. गणिताचे तास आणि वनस्पतीची प्रात्यक्षिकं एकाच वेळी लावलेली असत, आणि ते वेळापत्रक लावणाऱ्या समितीत सगळ्यात धाकटी म्हणून सगळं काम माझ्याच गळ्यात असे.

इंदूबाईंना प्रवेशाच्या दिवसांत व्हरांड्यातली रांग सांभाळायला बसवत. त्या रांग कमी सांभाळत आणि पोरांशी जास्त बोलत.

तिथेच त्यांना आचल भेटली. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातली, वडील नत्थुजींसोबत आलेली. बारावीला तिनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं होतं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मात्र गुण फार कमी पडले होते. नत्थुजी पांढरा सदरा घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून उभे होते. अर्जावरच्या विषयांच्या चौकटी अजून कोऱ्या होत्या.

"जीवशास्त्रवाला गट भरा बाई," ते म्हणाले. "पुढच्या साली पोट्टी पुन्हा परीक्षा देईन. तोवर अभ्यास सुटाले नाई पायजे."

इंदूबाईंनी आचलकडे पाहिलं. "तुले काय आवडते व?"

आचल बापाकडे पाहायला लागली.

"पोट्टी लाजाळू हाय बाई, मी सांगतो ना," नत्थुजी म्हणाले.

"भाऊ, सांगसान तुमी, पन शिकसान बी तुमीच काय?"

रांगेतली दोन-तीन मुलं हसली. नत्थुजीही ओशाळून हसले आणि पाणी प्यायला म्हणून बाजूला गेले. मग आचल हळूहळू बोलती झाली. गणित सुटलं की तिला फार बरं वाटायचं, तासन्‌तास उठावंसं वाटायचं नाही. पण त्यांच्या बगीच्यातल्या संत्र्यांची पानं एका वर्षी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एकजण आला आणि त्यानं नुसतं पान हातात घेऊन झाडाला काय कमी पडतंय ते सांगितलं. तेव्हापासून पानाच्या आत काय चालतं ते पाहावं असंही तिला वाटत होतं.

"गणित घेतलं तर झाडं सुटतात मावशी, आन् झाडं घेतली तर गणित," ती म्हणाली. "पुढे काय व्हायचं ते मले अजून समजलंच नाई. सगळे म्हनतात, लवकर ठरव."

इंदूबाई तिचा अर्ज घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या. रसायन, गणित आणि वनस्पती असा गट करता येईल का, असं त्यांनी विचारलं. विद्यापीठाच्या नियमात तो बसत होता, हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं, "एका मुलीसाठी वेळापत्रक नाही हलवता येत, इंदूबाई."

"एकच हाय हे कोनं सांगतलं? कोनी इचारलं काय?"

त्या व्हरांड्यात गेल्या, रांगेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि बाजारात द्यावा तसा आवाज दिला, "गणित बी पायजे आन् झाडं बी पायजेत, असे कोन कोन हाय?"

आधी कोणीच हललं नाही. मग धारणीहून आलेल्या एका मुलानं अर्धवट हात वर केला. त्याच्या मागे दोन मुलींनी केला, मग आणखी तिघांनी. आचल धरून सात झाले. त्यांतल्या प्रत्येकाला, असं आपल्या एकट्यालाच वाटतं, असं वाटत होतं.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं. दहा विद्यार्थी होत असतील तर सोमवारपर्यंत यादी आणा, म्हणाले. मग इंदूबाईंनी बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असलेल्या ज्या मुलांचे अर्ज भरून झाले होते, त्यांना माझ्या फोनवरून फोन लावले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुले तो विषय सोडायचाच होता, का गटात नव्हता म्हनून सोडला?" बहुतेकांना सोडायचाच होता. दोघं मात्र म्हणाले, "गटात नव्हता." असे नऊ झाले. दहावं कोणी मिळेना.

अडचण आणखी एक होती. वनस्पतीची प्रात्यक्षिकं शनिवारी दुपारी घेतली तरच तास जुळत होते. देवीदास सर वनस्पतीशास्त्र शिकवत. ते कुरकुरत का होईना, तयार झाले. पण त्यांच्या प्रयोगशाळेचा परिचर दर शनिवारी दुपारी गावी जायचा.

सोमवारी प्राचार्यांनी यादी मोजली. "नऊच आहेत. आणि शनिवारी प्रयोगशाळा कोण उघडणार?"

"मी उघडतो सर," इंदूबाई म्हणाल्या. वऱ्हाडातल्या बाया बोलतात तशा त्या कधी 'उघडतो', कधी 'उघडते' म्हणत. "आन् दहावी मले धरा."

प्राचार्य हसले. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "अकोल्याला काय शिकत होता तुम्ही?"

"बी.एस्सी. पयलं साल," त्या म्हणाल्या. हातातली नळी धुणं थांबलं नाही.

बार्शीटाकळीच्या त्यांच्या वस्तीत सायन्स घेऊन बारावी झालेली ती पहिली मुलगी. वडील मजुरीला जात. अकोल्याला कॉलेजात नाव घालायचं होतं, तर वडिलांनी ओळखीच्या एका शिकलेल्या माणसाला सोबत पाठवलं. त्यानं खिडकीशी उभं राहून अर्ज भरला. ज्या गटात जागा होती तो लिहिला. गणित, भौतिक आणि इलेक्ट्रॉनिक्स. बाहेर येऊन म्हणाला, झालं तुझं काम. सगळ्यांना आनंद झाला. इंदूनंही घरी येऊन बुद्धवंदना म्हटली. वर्षाच्या शेवटी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत मुली घेणार, असं कळलं. पण रसायन शिकलेल्याच मुली हव्या होत्या. इंदूच्या विषयांत रसायन नव्हतं. बदलायला गेली तर मुदत संपली होती, पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं लागलं असतं. तेवढ्यात अमरावतीचं स्थळ आलं.

"त्या मानसाले बोल नाई लावत मी," त्या म्हणाल्या. "त्यानं चांगल्यासाठीच केलं. फक्त मले कोनी इचारलं नाई. आन् मले बी इचाराले सुचलं नाई का हे घेतलं तर काय काय बंद होते. सतरा वर्साची होती मी." मग नळी उजेडाकडे धरून पाहिली. "पाहा बरं मॅडम, नशीब कसं हाय. सारी उमर रसायनातच गेली."

त्या हे हसत म्हणाल्या. मला मात्र हसू आलं नाही.

जुलैपासून शनिवारचे तास सुरू झाले. इंदूबाई डबा घेऊन येत, कुलूप उघडत आणि मागच्या बाकावर बसून राहत. एकदा आचलनं त्यांना कांद्याच्या मुळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. त्या किती तरी वेळ डोळा लावून उभ्या होत्या. "कांदे चिरू चिरू हात गेले माहे, पन हे नव्हतं पायलं," म्हणाल्या.

पण सगळं काही सुरळीत चाललं नाही. नऊपैकी एक मुलगी ऑगस्टमध्येच नर्सिंगला गेली. पहिल्या सत्रात आचल गणितात नापास झाली. तास वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर बसून करावे लागत, काही भाग सुटून जाई. ती प्रयोगशाळेत येऊन रडली. मला वाटलं, इंदूबाई धीर देतील, सोडू नको म्हणतील. त्यांनी आधी तिला हात धुवायला लावले, कारण तिच्या बोटांना रंगद्रव्य लागलं होतं आणि ती त्याच हातांनी डोळे पुसत होती.

मग म्हणाल्या, "सोडायचं असंल तर सोड. माह्यासाठी धरून नको ठेवू. पन भेव लागलं म्हनून सोडून राहिली का आवडत नाई म्हनून, तेवढं घरी जाऊन पाय."

आचलनं सोडलं नाही. पुन्हा बसून तो पेपर काढला.

जानेवारीत नत्थुजी आले. प्लास्टिकच्या पिशवीत बगीच्यातली माती आणली होती. आचलनंच मागवली होती ती. बापासमोर तिनं माती चाळली, पाण्यात ढवळली, गाळली आणि पीएच मीटरवर आकडा दाखवला. काळ्या मातीत चुना जास्त आहे, म्हणून झाडाला लोह उचलता येत नाही, असं सांगितलं. नत्थुजी स्टुलावर बसून सारं पाहत होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी कागद काढला आणि आकडा लिहून घेतला.

तेवढ्यात आचल म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा नाई देत."

नत्थुजींनी पेन खाली ठेवलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार त्यांच्या मागे होतं.

"मंग काय करशीन?"

"मले अजून माहीत नाई. पन यातलंच काई तरी. सहा महिने द्या मले."

नत्थुजी इंदूबाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. "बाई, हे तुमाले तिनं आधीच सांगतलं असंल."

"नाई भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "तुमालेच पयले सांगतलं. मी बी आत्ताच ऐकून राहिली."

हे खरं होतं. नत्थुजींनी मान हलवली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिथे मातीचा एक डाग राहिला. "सहा महिने म्हनजे जून," ते म्हणाले. "ठीक हाय. जूनमंदी सांग." जाताना इंदूबाईंना म्हणाले, "घरी हे काईच बोलत नाई हो. अथी किती बोलते!"

जून आला. उरलेल्या आठजणांनी मुख्य विषय निवडले. पाचजणांनी वनस्पती घेतलं, दोघांनी रसायन, आचल तेवढी उरली. वनस्पतीच्या पाचांत धारणीचा तो मुलगाही होता, त्याला वनविभागाची परीक्षा द्यायची होती. आचल वनस्पती घेईल असं देवीदास सर धरून चालले होते. मातीच्या त्या दिवसापासून मी आणि इंदूबाई रसायन धरून चाललो होतो.

ती अर्ज भरून आमच्याकडे आली. "मावशी, गणित घेतलं मी."

इंदूबाईंनी हातातलं चंचुपात्र खाली ठेवलं. "गणित? ज्याच्यात नापास झाली ते?"

"हो. त्याच्यातच मन लागते माहं. बाबांना फोन केला. ते म्हनले, मातीचं काय मंग? मी म्हटलं, माती हाय ना, रसायन दुसरा विषय म्हनून ठेवलं मी."

इंदूबाईंचं तोंड जरा उतरलं, हे मला स्पष्ट दिसलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जे जपलं, ते हिनं दुसऱ्या नंबरावर ठेवलं होतं. पण त्यांनी आचलचा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "तुनं निवडलं ना? बरं झालं माय. लय बरं झालं."

ती गेल्यावर त्यांनी कपाटातल्या सगळ्या बाटल्या पुसायला काढल्या. दुपारी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता अचानक म्हणाल्या, "मॅडम, गणिताच्या दुसऱ्या साली शिकवतात तरी काय?"

मी म्हटलं, "मलाही नीट माहीत नाही, इंदूबाई."

"मंग चाला ना, इचारून येऊ."

त्यांनी ॲप्रन खुंटीला लावला, दाराला कुलूप घातलं आणि आम्ही दोघी वरच्या मजल्यावर गणित विभागात गेलो.