करवंदीच्या डब्यातली टिकटिक

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. चालू मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाशी धरायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगून मोकळं व्हायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रिटायर झाल्यावर तो स्क्रूड्रायव्हरही घरी आला. आणि यंदाच्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी बाबांना घरात टिकटिक ऐकू यायला लागली.

स्क्रूड्रायव्हर लावून फ्रिज झाला, मीटर झाला, इन्व्हर्टर झाला. "गॅलरीकडून येतंय बघ, लवकर ये," अशी हाक आली की मी धावायची. तिथे काहीच नसायचं. "आत्ता होतं की!" बाबा म्हणायचे. आईचाही तोच अनुभव. जन्मभर न चुकलेला कान आता नसलेला आवाज ऐकतोय की काय? माझी चिडचिड व्हायची. शेवटी आईने कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. त्या दिवसापासून बाबांनी हाक मारणंच सोडलं. स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगला गेला.

काल संध्याकाळी मी गॅलरीत गवार मोडत बराच वेळ एका जागी बसले होते. टिक टिक टिक. आईने डोंगरातल्या पेठ गावच्या माहेराहून करवंदीचं रोप मातीसकट आणून तेलाच्या डब्यात लावलंय, त्यातूनच. वाकले, तर गप्प. हलायचं थांबले, तर पुन्हा सुरू. पानाआड अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक होता, गळा टरारून फुगवलेला. गॅलरीत ना डबकं, ना हौद. मग हा आला कुठून? मोबाईलवर वाचलं, की डोंगरातल्या या झुडपी बेडकांची पिल्लं पाण्यात वाढतच नाहीत, अंड्यातून थेट बेडूक होऊनच बाहेर पडतात. म्हणजे अंडी पेठच्या मातीतूनच आली असणार!

"बाबा, मला ऐकू आलं!"

"राहू दे. माझं मन राखायला बोलू नको."

मी त्यांना हाताला धरून डब्याजवळ बसवलं आणि गप्प राहायची खूण केली. आवाज येईना. खरंच बघितला ना मी, की मलाही भास झाला? माझाच माझ्यावर भरवसा राहीना.

मग टिक टिक टिक.

बाबांनी करवंदीकडे बघितलंच नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.