जोमा म्हात्र्यांच्या हातातलं निशाण

शर्यतीच्या सकाळी, बैल जुंपायच्या आधी, जोमा म्हात्रे धावेची सगळी वाट अनवाणी चालून येत. उल्हास नदीच्या काठची, भात निघून मोकळी झालेली शेतं. जवळजवळ अर्धा कोस सरळ वाट आणि शेवटी बांधाला लागून एक वळण. दर दहा पावलांवर ते थांबत, टाच जमिनीत दाबत, वाकून तिचा ठसा बघत आणि पुढे जात. मांडवात बसलेले लोक हसत. ते मागे वळूनसुद्धा बघत नसत.

तेव्हा राणीचं राज्य होतं. मी राजापुराकडून शहाडच्या शाळेवर मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. चैत्रातल्या जत्रेत बैलगाड्यांची शर्यत लागे आणि पार कोपरपासून गाड्या येत. शेवटच्या खुंटापाशी उभं राहून पहिली गाडी कोणती ते सांगायला गावकऱ्यांनी मला धरलं, कारण तिथे मी कुणाचाच सोयरा नव्हतो. सुरुवातीचं निशाण जोमादादांच्या हातात असे. ते वर गेल्याशिवाय गाडी सुटायची नाही, असा नियम होता.

तरुणपणी ते स्वतः गाडी हाकत. एका वर्षी अवकाळी पाऊस पडून गेला होता, तरी शर्यत झाली. त्यांची आणि थोरल्या भावाची गाडी जोडीने वळणावर आली. दोघांपैकी एकानेही कासरा ओढला नाही. गाड्या घसरल्या आणि भाऊ चाकाखाली गेला. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. "कासरा वडला असता त लोक हसले असते," ते म्हणाले, "म्हून वडला नाय." भावाचा मुलगा लक्ष्मण त्यांनीच वाढवला. पुढे तोच त्या भागातला सगळ्यांत चपळ गाडीवान झाला.

मी आल्याच्या चौथ्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. जोमादादा वाट चालून आले आणि त्यांनी निर्णय सांगितला. वळण रद्द, नुसती सरळ वाट. गाड्या एकेक करून सुटतील आणि मास्तर घड्याळावर वेळ मोजतील. मांडवात गलका झाला. पाहुणे म्हणाले, ही शर्यत की वरात? पंच म्हणाले, लोक लांबून आलेत, त्यांना काय दाखवायचं? शेवटी लक्ष्मण पुढे आला.

"काका, घड्याळासंगं काय धावू? मना बाजूला मानूस पायजे."

मला वाटलं, आता ते त्याच्या बापाचं नाव काढतील. त्यांनी ते काढलं नाही. "वाट वली हाय. एकेक," एवढंच म्हणाले.

लक्ष्मणची वेळ सगळ्यांत कमी भरली, पण त्याला कुणी खांद्यावर घेतलं नाही. दुपारनंतर मांडव मुकाट्याने रिकामा झाला. मी जोमादादांना म्हटलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे काय थोडं झालं? ते चिखलाचे पाय धूत होते.

"मास्तर, कोनाला काय झालं नाय, म्हून मी भित्रा ठरलो. कोन मेला असता त मी शाना ठरलो असतो."

पुढच्या वर्षी पंचांनी, त्यांचं वय झालं असं गोड बोलून, निशाण दुसऱ्याच्या हातात दिलं. दोन जत्रा कोरड्या गेल्या. तिसऱ्या जत्रेच्या पहाटे पाऊस आला. जोमादादा कुणी न बोलावता वाट चालून आले आणि वळण काढायला सांगून पाहिलं. नव्या माणसाने ऐकून घेतलं आणि मांडवाकडे बघून निशाण वर केलं.

मी शेवटच्या खुंटापाशी होतो, वळण माझ्या समोरच. लक्ष्मणची गाडी आणि कोपरची गाडी, चाकाला चाक लावून आल्या. कोपरवाल्याची बांधावर चढून थांबली. लक्ष्मणची उलटली. मी पोचेपर्यंत बांधाबांधाने धावत आलेले जोमादादा चाकाखाली हात घालून बसले होते. त्या वयात ते इतक्या लवकर कसे पोचले, मला आजही कळत नाही.

ठाण्याच्या दवाखान्यात लक्ष्मणचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जोमादादा त्याच्या उशाशी अठरा दिवस होते. पंच भेटायला आले आणि खाली मान घालून म्हणाले, तुमचंच खरं होतं. ते म्हणाले, "मना खरं ठरायचं नव्हतं."

निशाण त्यांच्याकडे परत आलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण त्यात त्यांचा जीव उरला नव्हता. आभाळ भरून आलं की दोन्हीकडची माणसं दारात येऊन बसत; अर्ध्यांना शर्यत हवी असे, अर्ध्यांना नको. ते सगळ्यांचं ऐकून घेत, त्यांना पाणी देत आणि वाट बघायला निघत. चालताना मध्येच बांधावर बसू लागले होते. असंच एका भादव्यात तापाने चार दिवसांत गेले.

त्यांच्यानंतर निशाण हातात घ्यायला कुणी तयार होईना. पुन्हा मी कुणाचा सोयरा नव्हतो, म्हणून ते माझ्याकडे आलं. पहिल्याच जत्रेला रात्रभर पाऊस लागला. सकाळी मी वहाणा काढून निघालो. सरळ वाटेवरही पाय घोट्यापर्यंत रुतत होता. गाड्या एकेक सोडण्याजोगीही ती राहिली नव्हती. परत येऊन मी निशाण गुंडाळलं. मांडवातून कुणीतरी चिखलाचा गोळा मारला, तो धोतरावर बसला. लक्ष्मण कुबडी टेकत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

दुपारपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग एकेक गाडी वळली. सगळे मला शिव्या देत घरी गेले. सगळेच घरी पोचले.