बाई तार काढायच्या

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. ती ओळ मी लिहिली होती. आता बाईंबद्दल बोलता येईल.

"तार काढते हं," असं म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता काढायच्या. हडपसरच्या आमच्या ऑफिसात बाई टेस्टिंगला होत्या. शहरातल्या रक्तपेढ्यांचा साठा हॉस्पिटलांना एका जागी दिसावा, म्हणून आम्ही वेब सर्व्हिस लिहीत होतो. हॉस्पिटलने आमच्या सर्व्हिसला विचारायचं, सर्व्हिसने प्रत्येक पेढीच्या सर्व्हरला विचारायचं आणि आकडे आणून पडद्यावर मांडायचे. बाईंच्या टेबलावर एक जुनाट पीसी होता. टेस्टिंगपुरती तीच रक्तपेढी. सगळं सुरळीत चाललं, की बाई त्याची नेटवर्कची तार उपटायच्या, खुर्ची मागे सरकवायच्या आणि पडद्याकडे बघत बसायच्या. पलीकडचा गप्प झाला की तुमचा प्रोग्रॅम काय बोलतो, एवढंच त्यांना बघायचं असे.

बऱ्याचदा तो शून्य दाखवायचा.

"शेजाऱ्यांनी दार उघडलं नाही, म्हणून त्या घरात कोणी राहतच नाही असं सांगणार का तुम्ही?" बाई विचारायच्या. "नाही वेगळं, माहीत नाही वेगळं. लाल दाखवा."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते आपल्या टेबलाकडे येताना दिसलं की आपण उगाच फोन कानाला लावतो. बाईंना तेही कळायचं. "बोला, बोला. समोरच्याने फोन उचलला की मला सांगा," म्हणून त्या तिथेच उभ्या राहायच्या.

त्या पन्नाशीच्या पुढच्या, पेठेत वाढलेल्या. मशीनच्या चहाचा पहिला घोट घेऊन रोज विचारायच्या, "हा खरा चहा आहे की टेस्ट डेटा?" आणि कप पूर्ण संपवायच्या.

एकदा त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत नवी तार आणायला गेलो होतो. दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "नाही."

"बघून सांगताय की बसून?"

"बसून."

"मग आता बघून सांगा. आम्ही उभे आहोत."

तो उठला. तार होती. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आपली सर्व्हिस अशीच वागते. फक्त पेपर वाचत नाही."

सर्व्हिस सुरू व्हायच्या आदल्या दुपारची गोष्ट. बाईंचं तपासून झालं होतं, त्यांनी मंजुरी दिली होती. एका पेढीचा सर्व्हर मात्र अधूनमधून बंद पडत होता आणि तिच्यासमोर लाल पट्टी येत होती. साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. "उद्या उद्घाटनाला पैसे देणाऱ्या ट्रस्टची माणसं येणार, आणि हे लाल कशाला?" मी एक ओळ घातली. उत्तर आलं नाही, तर शून्य धर. लाल गेलं. कार्यक्रम आटोपला की काढून टाकू, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी पर्स खांद्याला अडकवून बाई माझ्यापाशी थांबल्या. "काही बदललं नाहीत ना? नाहीतर परत एकदा तार काढते."

"नाही हो बाई. निघा तुम्ही, बस चुकेल."

बस चुकण्याची मला खरंच काळजी आहे असा आवाज काढला होता मी.

ओळ राहून गेली. पुढे हडपसरच्याच एका हॉस्पिटलात एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. जवळच्या पेढीसमोर शून्य दिसलं, म्हणून नवरा ट्रॅफिकमधून कात्रजपर्यंत गेला. जवळच्या पेढीत पिशव्या होत्या. तिचं फक्त नेट गेलं होतं. बाळंतीण वाचली, पण थोडक्यात. तक्रार आमच्यापर्यंत आली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "टेस्टिंग कुणी केलं होतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणती ओळ कुणी आणि कधी घातली, हे आमच्या सिस्टीमवर कुणालाही दिसतं. बाईंनी ते पाहिलेलं असणारच. लाल कसं गेलं हे साहेबांनाही आठवत असणार, पण त्यांना दोष द्यायला नाव मिळालं होतं. तार काढल्यावर बाई पडद्याकडे बघायच्या, तशा माझ्याकडे बघत राहिल्या. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

बाईंना टेस्टिंगवरून काढून मॅन्युअलं लिहायला बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या पीसीची तार काढली, तिचं वेटोळं केलं, रबर लावलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"लागेल तुम्हाला," म्हणाल्या. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. आवाज नेहमीचाच होता.

ती ओळ मी नंतर काढली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. आता पेढीने उत्तर दिलं नाही की लाल दिसतं. नवे लोक विचारतात, हे इतकं चांगलं कुणाला सुचलं? मी मीटिंग आहे म्हणून उठतो. तार ड्रॉवरमध्ये आहे. काही शोधताना हाताला लागते.

हे इथे लिहिलं म्हणून काही फिटलं नाही. बाईंनी तपासलेलं बरोबर होतं, ती ओळ त्यानंतर मी घातली आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, हे मला बाईंसमोर, त्या बैठकीतल्या सगळ्यांच्या देखत सांगायचं आहे. बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.