पहिल्या भेटीचं एसी हॉटेल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका शाळेत शिकवत होते. जळगावचं स्थळ आलं. मुलगा मोठ्या भावाच्या दुकानात बसायचा. बघणं झालं, दोन्हीकडून होकारासारखंच होतं, आणि दोघांनी एकदा बाहेर भेटावं असं ठरलं. आमच्यात हे नवीनच. म्हणून माझी जळगावची मावशी सोबत होती, पण वेगळ्या टेबलावर.

मला एकच विचारायचं होतं: लग्नानंतर नोकरी करू देणार का? जळगावात दुसरी शाळा शोधायचीही माझी तयारी होती. पण बघण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर ते विचारायचं राहून गेलं.

त्याने जळगावातलं सगळ्यात भारी हॉटेल निवडलं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि आत एसी एवढा की मी पदर अंगभर लपेटून बसले. उजेड तर नावालाच. मावशी पलीकडे आमच्याकडे पाठ करून बसलेली, कान मात्र आमच्याकडेच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी हॉटेल छान निवडलंत म्हटलं. तो खूश झाला. म्हणाला, हे दादांनी सुचवलं. शेवभाजी काय कुठेही मिळते, हिला चायनीज खाऊ घाल म्हणाले. सूप कोणतं मागवायचं ते वहिनींनी सांगितलं होतं. शर्टही त्यांनीच काढून दिलेला. हे सगळं त्याने कौतुकाने सांगितलं. मला मेलं हसावं की उठून जावं तेच कळेना. चिडले होते, खरं सांगते. लग्न नक्की कोणाशी ठरत होतं?

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. नोकरीचं विचारून टाकलं. तो म्हणाला, दादांना विचारून सांगतो.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

तो काट्याने नूडल्स फिरवत राहिला. "मला असं कधी कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "करा नोकरी. मला आवडेल."

मग घरीही असंच सांगा, मी म्हटलं. त्याने मान हलवली. बाहेर पडल्यावर मावशी अहिराणीत म्हणाली, "पोऱ्या चांगला शे." मलाही तो आवडला होता. परतीच्या एसटीत मी जळगावच्या शाळांची नावं आठवत बसले होते.

आठवड्याभरात नकार आला. निरोप त्याच्या भावाचा होता. मुलगी फार पुढचं बोलते, तिला भेटून आल्यापासून आमचा पोरगा घरात उलट उत्तरं द्यायला लागला, असं कळवलं होतं. आई रडली, वडील माझ्यावर उखडले. मी आत जाऊन वह्या तपासत बसले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण तो घरी बोलला होता. बोलला नसता, तर आमचं लग्न झालं असतं.