गाऱ्हाण्यातलं नाव

गावकार, म्हणजे गावचे मानकरी, हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालत होते. माझा दादा जीपच्या मागच्या चाकाजवळ उभा होता. हात पुसायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता.

"बा देवा म्हाराजा, आज जां काय ह्या लेकरान आपल्या हातान ही गाडी उभी केल्यान, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

लेकरू म्हणजे आमच्या भाटकाराचा, जमीनमालकाचा, मुलगा. गाव त्याला बाब म्हणतो. पांढरा शर्ट, नवे बूट. त्याच्या हाताला कधी ठिणगी लागलेली नव्हती. डिचोलीकडच्या बंद खाणींच्या चिखलात चालवायची ती जीप दादाने आमच्या पडवीत बनवली होती. गाडी उलटली तरी आतला माणूस चिरडू नये म्हणून बसवतात तो नळ्यांचा पिंजरा, पुढचा जाड बंपर, खालची पत्र्याची ढाल. सगळं दादाचं.

दादाही म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ हलले. आवाज इतरांइतकाच आला. आमच्याकडे गाऱ्हाण्याला होकार न देणारं माणूस नसतं. देवापुढे जे बोललं गेलं ते खरं.

नारळ फुटला. बाब म्हणाला, "आरे, चाकां धू मरे. फोटो काडपाचे आसात."

लोक हसले. दादा बादली आणायला गेला. फोटोत तो कुठेच नाही.

इब्रामपुरात आम्ही मुंडकार. घर आमचं, खालची जमीन भाटकाराची, बाहेर पडायची वाट त्याच्या काजूंमधून. दादा खाणीवरच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकला. खाण बंद पडली तेव्हा त्याने मशीन घरी आणलं. बाबच्या कामाला अट एकच असे. जोड दिसता कामा नये. म्हणून दादा प्रत्येक सांधा ग्राइंडरने घासून सपाट करी, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरी, मग रंग.

"इतको घासलो की सांधो कमजोर जाता," तो एकदा मला म्हणाला होता. "पूण तेका माझो हात दिसूंक नाको."

मग त्याने खाणीवरच्या भंगारातून स्वतःसाठी एक जीप आणली. हिचा एकही सांधा घासणार नाही, म्हणायचा. पिंजरा अर्धा झाला आणि कावीळ झाली. ती त्याला घेऊनच गेली.

बाराव्याला बाब आला. बूट न काढता पडवीत शिरला.

"वायट जालें," म्हणाला. जीपभोवती एक फेरी मारली. "ही हांव व्हरतां. तुमकां हिचो कितें उपेग?"

"जीप देणार नाही," मी म्हटलं.

"मगे पुराय कोण करतलो? तू?" त्याने दादाचा रॉड धरायचा चिमटा उचलून माझ्या हातात कोंबला. "बाय, ही पुस्तकां शिवपाची सुई न्हय."

मी पेडण्याच्या वाचनालयात काम करते. फाटलेली पुस्तकं शिवते, बांधते. पडवीत बसलेली माणसं हसली. ती दादाच्या बाराव्याचं जेवून बसली होती.

मी चिमटा खाली ठेवला नाही.

त्यानंतर सकाळी वाचनालयात जाण्याआधी मी पडवीत बसू लागले. दादाचे चामड्याचे हातमोजे मला मोठे होतात. आत बोटं हरवल्यासारखी वाटतात. सुरुवातीला रॉड लोखंडाला चिकटून बसे. ओढला की पत्र्यासकट उचलला जाई. कधी नुसती भोकं पडत. एकदा वेल्डिंगची काळी काच तोंडावर घ्यायच्या आधीच ठिणगी पेटली आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या.

"एक गेलो," ती म्हणाली. "आता तू डोळे घालव गो बाये."

चकत्यांखालून पाणी वाहत होतं. ते डोळ्यांच्या दुखण्याचंच होतं असं मला सांगता येणार नाही.

हळूहळू कान तयार झाला. जोड नीट बसत असला की तव्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, तळल्यासारखा सलग आवाज येतो. आवाज तुटला की हात चुकला. तसा आवाज आलेला माझा पहिला सांधा मी आनंदाने घासला, गुळगुळीत केला, वर लांबी भरली. चांगलं काम म्हणजे असंच असतं, एवढंच आजवर पाहिलं होतं. मग हातोडी मारली. सांधा मोडला.

मी तो तुकडा उजेडात धरून पाहिला. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा हात मीच घासून टाकला होता.

त्यानंतर मी एकही सांधा घासला नाही. पिंजऱ्याचा जो जोड हातोडीला टिकला नाही तो कापला, पुन्हा केला. जीप पुरी झाली. तिच्या अंगावरचे माझे सांधे जाड आहेत, ओबडधोबड आहेत. दादाचे सरळ आहेत. कुणाचा कोणता ते लांबूनही कळतं.

आईने गाऱ्हाण्याला गावकारांना बोलावलं. बाब न बोलावता आला. गावकारांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, ह्या भाटकाराच्या जाग्यार, बाबच्या कृपेन आज जी काय ही गाडी..."

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज वाचनालयातला आहे, हळू. तरी सगळे थांबले.

"नाव चुकलं, गावकार."

"बायलमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घालूंक नाय," ते म्हणाले.

"तर मग सगळं गाऱ्हाणंच मी घालते."

मी नारळ त्यांच्या हातातून घेतला. "बा देवा म्हाराजा, ही गाडी माझ्या दादान आपल्या हातान उभी केल्यान. उरलेली मी पुरी केलंय. बाबची आधीची गाडीय तेनाच केल्ली. हां तू आयक रे म्हाराजा."

कोणी होकार दिला नाही. आईचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"व्हय म्हाराजा," मीच म्हणाले, आणि नारळ फोडला.

"वाट कोणाची आसा ती पळय," बाब जाताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काजूंमधल्या वाटेवर लोखंडी फाटक आलं. कुलूप आहे. माणूस बाजूने जातो, जीप जात नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. सांधे घासून सपाट केलेले, वर काळा रंग. ग्राइंडर पडवीत आहे. ते कापणं मला जड नाही.

मी कापणार नाही. मी रोज सकाळी जीप फाटकाला टेकवून उभी करते, हॉर्न वाजवते, मग चालत कामाला जाते. लोक बघतात. ज्याने कुलूप लावलं त्याच्याच हाताने ते निघेल, आणि त्या दिवशी इथे, ह्या वाटेवर, गाऱ्हाणं मीच घालीन. बाब समोर असेल. दादाचं नाव आलं की त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडावं लागेल.