विश्वकर्मा पूजेच्या दिवशी उघडलेला सर्व्हर

प्रेमानंदला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती: कोणी बोलावू नये. भिलाईत विश्वकर्मा पूजेला माणूस हत्याराला हात लावत नाही, मग ती प्लांटमधली क्रेन असो की पंक्चरवाल्याचा पाना. तीस वर्षं सर्व्हर दुरुस्त करून बिचाऱ्याची कंबर गेली, डोळे गेले, हौस तर कधीचीच गेली. वर्षातली ही एक हक्काची सुट्टी. स्क्रू-ड्रायव्हरला कुंकू लावून, पोटभर बुंदी खाऊन तो नुकताच आडवा झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पावर हाउसजवळच्या एक्स-रे सेंटरच्या मालकाचा पुतण्या मोहित. पोरगा हुशार, पण उतावळा नवरा. पूजेसाठी सर्व्हर बंद करायचाच होता, तर त्यानं बसल्या बसल्या एका वेगळ्या डिस्कवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. सिस्टीम झकास चालू झाली, पण बारा-तेरा वर्षांचे एक्स-रे गायब. जुन्या चारही डिस्क मेल्या, असं त्याचं म्हणणं. त्या सर्व्हरमधल्या ज्या कार्डाला जोडलेल्या होत्या, त्याच्या सेटिंगमध्ये शिरून तो सगळं नव्यानं बांधायच्या बेतात होता.

प्रेमानंद ताडकन उठून बसला. "हात नोको लावू. डिस्क जित्त्या हायेत. ते बटन दाबलं का खरंच मरतील."

झालं होतं एवढंच, की त्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची ओळख पटवणारा छोटा प्रोग्राम, बनवणाऱ्यांनीच नव्या सिस्टीममधून काढून टाकलेला होता. सिस्टीम कार्डाला ओळखतच नव्हती, मग त्याच्या मागच्या डिस्क तिला कुठून दिसणार! उद्या पाहू, असं प्रेमानंद म्हणालाही. पण सेंटरच्या बाकावर अहिवारा गावचे देवाजी सकाळपासून बसून आहेत, हे मोहितनं चाचरत सांगितलं.

देवाजींनी दहा वर्षं चुनखडी फोडायच्या मशीनवर काढली होती. आता चार पावलं चालले की दम लागे. हा आजार कामानं जडला की आधीचाच होता, याची भरपाईसाठीची सुनावणी उद्याच दुर्गला होती. कामावर लागतानाचा एक्स-रे आणा, असं त्यांना बजावलं होतं. घरची फिल्म पेटीत ओल लागून चिकटून गेलेली. दुसरी प्रत होती ती फक्त त्या चार डिस्कवर.

पूजेतलं हत्यार उचलू नये, असं प्रेमानंदची बायको सिंधुताई एकदाच म्हणाली. देवाजींचं ऐकल्यावर तिनंच देवापुढचा स्क्रू-ड्रायव्हर आणून त्याच्या हातात ठेवला. कुंकू पुसलं नाही.

सेंटरवर पोचून त्यानं सर्व्हरचं झाकण उघडलं. प्रेमानंदचा बाप रेल्वेत सिग्नल फिटर होता. प्रत्येक पेटीच्या दाराआड तो तिचा नकाशा चिकटवून ठेवी, कारण नंतर येणाऱ्याला काही ठाऊक नसतं. पोरानं तीच सवय उचलली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यानंच चिकटवलेलं पाकीट होतं, आणि त्यात जुन्या सिस्टीमची अन् कार्डाच्या ड्रायव्हरची सीडी. त्याच्या लेखी नंतर येणारा कोणी दुसराच होता. तो आपणच निघू, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

एका रिकाम्या डिस्कवर तो जुनी सिस्टीम टाकत बसला. सिस्टीमनं ड्रायव्हर मागितला, तेव्हा दुसरी सीडी दिली. ड्राइव्हनं ती दोनदा बाहेर टाकली. सदऱ्यानं पुसून त्यानं ती तिसऱ्यांदा लावली आणि चारही डिस्क पडद्यावर आल्या. आनंद करायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

मोहितनं देवाजींचा जुना एक्स-रे उघडला. शेजारी कालचा लावला. कालच्यात दोन्ही बाजूंना पांढरी भुरी पसरलेली, जुन्यात एक ठिपका नाही. हेच उद्या दाखवायचं, असं मोहितनं समजावलं आणि प्रत काढून त्यांच्या हातात दिली.

देवाजींचं प्रतीकडे लक्षच नव्हतं. ते पडद्याजवळ गेले. खोकला आवरून त्यांनी विचारलं, "हा मीच व्हय का?"

"तुम्हीच, देवाजीभाऊ," प्रेमानंद म्हणाला.

मोहित पडदा बंद करायला गेला, तसा देवाजींनी त्याचा हात धरला.

"राहू दे जरासक. मले पाहू दे."